इकोचा आकडा घटला म्हणून लाल औषध थांबवू का?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. मार्चमध्ये तिला रक्ताचा कर्करोग, ए.एल.एल., असल्याचं कळलं. दाखल केलं तेव्हा हिमोग्लोबिन ४.८ होतं आणि अंगात ताप होता. त्याच आठवड्यात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला, त्यात ई.एफ. ६६ टक्के आला. पहिल्या महिन्यात केमोतल्या लाल औषधाचे चार डोस झाले. आता पुन्हा लाल औषधाचे तीन डोस सुरू होणार आहेत. त्याआधी इको केला तर ५८ टक्के. इको करणारे सहज बोलून गेले, ‘थोडं कमी झालंय.’ आमचे डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, डोस द्यायचा. पण जाऊबाईंच्या माहेरच्या गावातला एक मुलगा केमो घेऊन बरा झाला आणि बारा वर्षांनी त्याचं हृदय खराब झालं म्हणे. सासूबाई म्हणतात, रिपोर्टमध्ये आता कॅन्सर दिसत नाही, मग हे विष आणखी कशाला? लेक अंगणात पळायला लागली की माझ्याच छातीत धडधडतं. शेजारच्या काकूंनी अर्जुनारिष्ट चालू करायला सांगितलंय. फाईलमधल्या डोसच्या पानाचा फोटो सोबत पाठवते आहे. मी काय करू?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर:

ताई, तुमचं पत्र आणि फाईलचं पान दोन्ही नीट पाहिलं. आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. ६६ वरून ५८ झालं एवढ्यावरून डोस थांबवू नका. तुमचे डॉक्टर म्हणतात ते मला पटतं. पण लाल औषधाचा हृदयाशी संबंध आहे, ही तुमची भीती खोटी नाही. डॉक्टरांनी ‘काळजी नाही’ एवढंच न सांगता का नाही तेही सांगायला हवं होतं. ते मी सांगते.

ई.एफ. म्हणजे हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात आतल्या रक्तापैकी किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, ते प्रमाण. ते कोणाचंच शंभर नसतं. ५८ म्हणजे हृदय ४२ टक्के निकामी झालं, असा अर्थ कृपा करून काढू नका. बरेच पालक तो काढतात आणि रात्र रात्र जागतात. मुलांमध्ये साधारण ५५च्या वर असलेला आकडा चांगला मानतात. तुमच्या लेकीचा ५८ त्यात बसतो.

आता तो पहिला ६६ कुठून आला ते बघा. दाखल झाली तेव्हा तिच्या अंगात जेमतेम निम्मं रक्त होतं आणि वर ताप. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन एवढं कमी असलं की हृदय ती तूट भरून काढायला जास्त वेगानं आणि जास्त जोरानं आकुंचन पावतं. अशा वेळी इको केला तर ई.एफ. नेहमीपेक्षा वर दिसतो. धापा टाकत जिना चढून आलेल्या माणसाची नाडी मोजायची आणि उद्या तो खुर्चीत बसलेला असताना ‘नाडी उतरली’ म्हणून घाबरायचं, तसंच हे. मधल्या महिन्यांत तिला रक्त चढलं, ताप गेला, हिमोग्लोबिन वर आलं. तेव्हा ५८ हा बहुधा तिचा रोजचा, शांतपणीचा आकडा असेल. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, मुलांत पहिला इको आजार ऐन भरात असतानाच होतो, त्यामुळे तुलनेचा पायाच थोडा उंचावलेला असतो. इको करणाऱ्यांना तिचं त्या दिवशीचं हिमोग्लोबिन ठाऊक नसणार. त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले आणि जे दिसलं ते बोलले.

शिवाय हा आकडा पट्टीनं मोजलेल्या उंचीसारखा पक्का नसतो. पडद्यावर हृदयाची कड हातानं आखावी लागते. मूल रडत असेल, श्वास जोरात चालू असेल, मशीन वेगळं असेल, करणारा माणूस वेगळा असेल, तर त्याच हृदयाचा आकडा आठ-दहा अंकांनी मागे-पुढे होऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर साधारण दहा किंवा त्याहून जास्त अंकांची घट झाली आणि आकडा पन्नाशीच्या आसपास किंवा खाली गेला, तर ती खरी घट धरतात. तेव्हाही आधी इको पुन्हा करून खात्री करतात. तसं निघालंच तर कर्करोगाचे आणि हृदयाचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात: डोस पुढे ढकलायचा का, हृदयाच्या गोळ्या सुरू करायच्या का, हृदय सांभाळणारं औषध जोडायचं का. हा निर्णय घरी बसून घ्यायचा नसतो.

पुढचा इको शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर करा. आधीचा रिपोर्ट सोबत न्या. ताप उतरल्यावर आणि हिमोग्लोबिन बरं असताना करा, म्हणजे आकड्याला अर्थ राहील. रिपोर्टवर एफ.एस. असंही लिहिलेलं असेल. ते हृदयाच्या आकुंचनाचंच दुसरं माप आहे आणि २८च्या वर असलं की बरं. काही ठिकाणी जी.एल.एस. नावाचं माप देतात आणि ते वजा चिन्हानं येतं, म्हणजे वजा २०, वजा २१ असं. ते चिन्ह बघून दचकू नका, आकुंचनात स्नायू आखडतो म्हणून ते वजा असतं. ई.एफ. उतरण्याआधीच हृदयाचा स्नायू दमत असेल तर या मापात तो बदल लवकर दिसतो. तुमच्या रुग्णालयात ते काढत असतील तर पहिल्यापासून काढून ठेवायला सांगा. काढत नसतील तर त्यासाठी धावाधाव करू नका.

आता लाल औषधाबद्दल. तिला पहिल्या महिन्यात मिळालं ते डॉनोरुबिसिन, आता मिळणार ते डॉक्सोरुबिसिन. वॉर्डातल्या सिस्टर त्याला ‘एड्रिया’ म्हणतात. दोन्ही एकाच कुळातली. डोसनंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसून औषधाचा रंग असतो. ही औषधं कर्करोगाच्या पेशींचा डी.एन.ए. तोडतात. हृदयाच्या स्नायूपेशींनाही त्यांचा त्रास होतो, आणि त्या पेशी मेल्या तर त्यांच्या जागी नव्या फारशा येत नाहीत. म्हणून इथे एकेका डोसपेक्षा जन्मभराची बेरीज महत्त्वाची. तुमच्या घरात जेवढी चर्चा ई.एफ.ची होते, तेवढी या बेरजेची व्हायला हवी.

बेरीज अशी करतात. उंची आणि वजन यांवरून शरीराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढतात. फाईलवर तिची उंची ११२ सेंटीमीटर आणि वजन १८ किलो आहे, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ०.७५. डोस आहे चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम. म्हणून तिच्या सलाईनवर १८-१९ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. हिशोबात मात्र २५ धरायचे. पहिल्या महिन्यात चार वेळा २५, म्हणजे १००. आता तीन वेळा २५, म्हणजे ७५. एकूण १७५. त्यातही डॉनोरुबिसिन हृदयाला डॉक्सोरुबिसिनपेक्षा सौम्य समजतात आणि हिशोबात साधारण निम्मं धरतात. तसं केलं तर तिची बेरीज १२५च्या घरात येते.

ही बेरीज २५० किंवा त्याहून वर गेली की धोका जास्त मानतात. १०० ते २५० मध्यम आणि १००च्या आत कमी. तुमची लेक मध्यम गटात येते, जास्त धोक्याच्या गटात नाही. छातीला रेडिएशन दिलं असतं तर धोका वाढला असता. फाईलमध्ये तसं काही दिसत नाही. पाच वर्षांखालच्या लेकरांना, तसंच कुठल्याही वयाच्या मुलींना, धोका थोडा अधिक असतो हेही खरं आहे. तिनं पाच ओलांडलीत, पण ती मुलगी आहे. म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचं, आणि ते पुढे अनेक वर्षं.

जाऊबाईंच्या गावातल्या मुलाची गोष्ट मी नाकारत नाही. असं घडतं. उपचार संपून दहा-वीस वर्षांनी हृदय थकलेली माणसं असतात. पण त्या मुलाला कुठला कर्करोग होता, बेरीज किती झाली होती, छातीला रेडिएशन मिळालं होतं का, हे कळल्याशिवाय त्याची गोष्ट तुमच्या लेकीला लावता येत नाही. हाडांच्या कर्करोगात, उदाहरणार्थ, हीच बेरीज ४५०पर्यंत जाते.

सासूबाईंचा प्रश्न मात्र मला मोलाचा वाटतो, कारण तो निम्म्या महाराष्ट्रातल्या आज्या विचारतात. रिपोर्टमध्ये कॅन्सर दिसत नाही, मग औषध कशाला? त्यांना सांगा की ‘दिसत नाही’ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ल्युकेमियाच्या पेशी तरीही लपून राहतात आणि उपचार अर्धवट सोडले तर परततात. परतलेला ल्युकेमिया पहिल्यापेक्षा चिवट असतो. मग जास्त तीव्र औषधं लागतात, कधी अस्थिमज्जा बदलावी लागते. म्हणजे हृदयाला वाचवायला जावं आणि त्याच हृदयावर जास्त भार पडावा, असं होतं. तिचा आता जो टप्पा येतो आहे, पहिल्या महिन्यातली औषधं काही महिन्यांनी पुन्हा जोरात द्यायची, तो १९७०च्या दशकात जर्मनीत बर्लिन, फ्रँकफर्ट आणि म्युन्स्टर इथल्या बालकर्करोगतज्ज्ञांनी आणला. त्यानंतर रोग परत येण्याचं प्रमाण ठळकपणे घटलं. आज श्रीमंत देशांत ए.एल.एल. झालेल्या दहांपैकी नऊ मुलं बरी होतात, त्यात या टप्प्याचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, आणि त्याचं एक मोठं कारण उपचार मध्येच सुटणं हेच आहे. म्हणून मी इतकं जोर देऊन सांगते आहे.

हृदय सांभाळणारं एक औषध आहे, डेक्सराझोक्सेन. लाल औषधाच्या आधी अर्ध्या तासाच्या आत ते शिरेतून देतात. युरोपातल्या औषध-नियंत्रकांनी २०११ मध्ये मुलांसाठी ते जवळपास बंद केलं होतं, दुसरा कर्करोग होण्याच्या शंकेनं. पुढची माहिती पाहून २०१७ मध्ये ज्यांची बेरीज ३००च्या वर जाणार अशा मुलांसाठी मोकळीक दिली. काही केंद्रं त्याहून कमी बेरजेलाही देतात. तुमच्या लेकीला ते दिलं नाही म्हणून हलगर्जी झाली, असं मी म्हणणार नाही. तिची बेरीज पाहता न देणं रास्त आहे. मनात शंका राहायला नको म्हणून डॉक्टरांना एकदा विचारा.

अर्जुनारिष्ट देऊ नका. काकूंची माया कळते, पण आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आलेला मद्यार्क असतो, आणि तिला पुढे कित्येक महिने मेथोट्रेक्सेट आणि सिक्स-एम.पी. घ्यायची आहे. ही दोन्ही औषधं यकृतावर भार टाकणारी. झाडपाल्याचं औषधही यकृताला बाधू शकतं: गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या, त्या मोठ्या माणसांच्या होत्या. इथे तर सहा वर्षांचं लेकरू आहे. आधीच काही दिलं असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. ते रागावले तरी चालेल.

आता अंगणातलं पळणं. पळू द्या! या बेरजेला, या ई.एफ.ला तिला बसवून ठेवायचं काहीच कारण नाही. हृदयाच्या स्नायूला हालचाल लागते. स्टिरॉइडनं वजन वाढतं आणि व्हिनक्रिस्टिन या केमोच्या औषधानं पायांतल्या नसा मंदावतात, त्यालाही हालचाल हाच उपाय. प्लेटलेट फार उतरलेल्या असतील त्या दिवसांत पडझडीचे खेळ टाळा, बाकी तिच्या दमानं तिला खेळू दे. आई दर दोन मिनिटांनी ‘दमलीस का’ विचारते आहे हे मुलांना लगेच कळतं, आणि ती स्वतःला आजारी समजून कोपऱ्यात बसू लागतात.

एक गोष्ट मात्र ओळखायला शिका. स्टिरॉइडच्या आठवड्यांत मांड्यांतला जोर जातो, मूल जिना चढताना कठडा धरतं, जमिनीवरून उठताना हात टेकतं. पण त्याला धाप लागत नाही. तो स्नायूंचा प्रश्न, हृदयाचा नव्हे. धाप लागते, मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो, रात्री सपाट झोपवत नाही, उशी उंच लागते, झोपेत खोकला येतो, दोन दिवसांत वजन एकदम किलोभर वाढतं, पाय दाबले की खळगा पडतो, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. मुलांमध्ये हृदयाचा थकवा पोटातूनही दिसतो: भूक जाते, जेवल्यावर उलटी होते, बरगडीखाली उजवीकडे दुखतं. केमोमध्ये उलट्या नेहमीच्याच, म्हणून हे सहज निसटतं. केमोचा दिवस उलटून आठवडा झाला तरी उलट्या आणि सोबत धाप असेल, तर ‘अपचन झालंय’ म्हणून ओवा देत बसू नका. ती गाढ झोपलेली असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ताप नसताना ३०च्या वर असतील तर दाखवा. चक्कर येऊन पडली किंवा ओठ निळसर दिसले तर फोनही नको, थेट रुग्णालय. चेहरा गोल होणं मात्र बहुतेक वेळा स्टिरॉइडचं असतं.

आणि ताप १००.४च्या वर गेला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवा. केमोवरच्या मुलाचा ताप ही स्वतःच घाई करण्याची गोष्ट आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. पांढऱ्या पेशी कमी असताना झालेला जंतुसंसर्ग काही तासांत हृदयाची ताकद उतरवू शकतो. असा उतरलेला ई.एफ. संसर्ग आटोक्यात आल्यावर बऱ्याचदा पूर्वपदावर येतो.

स्टिरॉइडच्या दिवसांत रक्तदाबही वाढतो आणि लहान मुलाचा रक्तदाब मोजायचं बाह्यरुग्ण विभागात राहून जातं. दर भेटीला मुलांच्या मापाचा पट्टा लावून तो मोजायला सांगा. मागायला संकोच करू नका.

आता त्या पुढच्या वर्षांबद्दल, आणि इथे मला जास्त बोलायचं आहे. ए.एल.एल.चे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. शेवटची गोळी घेतली की घरात पेढे येतात, यायलाच हवेत. मग फाईल माळ्यावर जाते, कधी कधी मुद्दाम. विशेषतः मुलगी असेल तर. ‘पुढे लग्नाच्या वेळी कशाला कोणाला कळायला हवं’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलंय. त्यामागची भीती खरी आहे, आपला समाज मुलीच्या आजारपणाशी कसा वागतो ते मला ठाऊक आहे. पण त्या लपवण्याची किंमत तिचं हृदय देतं. मध्यम गटातल्या मुलांनी उपचार संपल्यावर दर पाच वर्षांनी इको करावा, जास्त धोक्याच्या गटातल्यांनी दर दोन वर्षांनी, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचं २०२३चं म्हणणं आहे. पहिला इको उपचार संपल्यापासून दोन वर्षांच्या आत. लक्षणं नसतानाही. कारण हृदय बराच काळ सांभाळून नेतं, आणि लक्षणं दिसतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. लवकर सापडलं तर गोळ्यांनी आवरता येतं.

गरोदरपणात हृदयाला जवळजवळ दीडपट रक्त हाकावं लागतं. लहानपणी लाल औषध घेतलेल्या स्त्रीनं दिवस राहण्याआधी, निदान पहिल्या तीन महिन्यांत, इको करून घ्यायचा असतो. तो करायचा तर तिच्या प्रसूतितज्ज्ञांना लाल औषधाबद्दल कळायला हवं, आणि त्याआधी तिला स्वतःला कळायला हवं. मला खात्री आहे की तुम्ही तिला सांगाल. तिला समजेल अशा वयात, लाज वाटणार नाही अशा शब्दांत. आज्ञा म्हणून नाही, तिच्या शरीराची माहिती म्हणून.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९९१पासून उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना चालतो, तिथे बरी झालेली मुलं मोठी झाल्यावरही तपासायला येतात. तुमच्या रुग्णालयात तशी सोय आहे का, ते उपचार संपण्याआधीच विचारून ठेवा. आणि शेवटच्या दिवशी एक कागद मागा, ज्यावर आजाराचं नाव, प्रत्येक लाल औषधाची एकूण बेरीज, रेडिएशन दिलं की नाही, आणि शेवटच्या इकोचे आकडे असतील. डिस्चार्ज कार्डावर ‘प्रोटोकॉलनुसार केमो दिली’ एवढंच लिहून देतात. ते पुरेसं नाही. रुग्णालयं जुने कागद काढून टाकतात, डॉक्टर बदलतात. म्हणून त्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, एक प्रत तिच्या आधार कार्डासोबत ठेवा आणि एक माहेरी.

पुढच्या आठवड्यात डोसच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: तिची आजवरची बेरीज किती झाली आणि या तीन डोसनंतर किती होईल, पुढचा इको कधी, आणि ई.एफ. किती झाला तर तुम्ही औषध बदलाल. वहीत तारखेसह उत्तरं लिहून घ्या. ओपीडीत गर्दी असेल तर वही आधीच सिस्टरांकडे द्या. यजमानांना आणि जमलं तर सासूबाईंनाही सोबत न्या, त्यांनाही डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. इको योजनेतून होतो का, हे रुग्णालयातल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना विचारून घ्या, नाहीतर उगाच बाहेर पैसे भरून बसाल.

डोस झाला, उत्तरं मिळाली की मला कळवा. इकोच्या दोन्ही रिपोर्टचे फोटोही पाठवा. आकड्यांपलीकडे त्यात काय लिहिलंय ते मला बघायचं आहे.